गालातली काडी

रायपूर, १४ जून

निरंजन,

आशीर्वाद शेवटी लिहीन, उरले तर. आधी कामाचं.

मी दवाखान्यात आहे. घाबरू नकोस. म्हणजे तू घाबरणार नाहीसच, पण असं लिहायची पद्धत आहे. परवा नवा रायपूरला मंत्रालयाच्या थांब्यावर बसमधून उतरताना पायांनी ऐकलं नाही. दुखलं नाही, मुरगळलं नाही, नुसतं ऐकलं नाही. रस्त्यावर बसले ती बसलेच. आमच्या सेक्शनच्या दोन बायकांनी बखोटीला धरून मला गाडीत घातलं. मला कुणी धरून उठवलेलं किती आवडतं ते तुला ठाऊक आहे.

इथे नर्सनं रक्तदाब दोनदा पाहिला आणि मग दुसरं यंत्र आणलं. रक्तातलं पोटॅशियम तळाला गेलेलं, म्हणून पाय गेले. मग छातीवर यंत्र फिरवून हृदय पाहिलं, त्याला इको म्हणतात. पडद्यावर मलाही दाखवलं. डाव्या कप्प्याची भिंत जाड झाली आहे. किती, ते आकड्यांत सांगितलं, मी विसरले. डॉक्टरचा चेहरा मात्र लक्षात आहे.

तरुण आहे तो, हिंदीतच बोलतो. "घर में किसी को?" म्हणाला. मी म्हटलं, वडील. एकसष्टाव्या वर्षी सकाळी धोतर नेसता नेसता गेले. आदल्या वर्षी रेल्वेच्या डॉक्टरनं एक्स-रे धरून "दिल बढ़ गया है" सांगितलं होतं, आणि आपण घरी येऊन हसलो होतो की शालिग्रामबुवांचं मन एवढं, ते मावणार कुठे. हे मी त्यालाही हसत सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, काही घराण्यांत असं जाड हृदय वारशानं उतरतं आणि चांगला चालता-बोलता माणूस एकाएकी जातो. भाऊ-बहीण आहेत का? मी म्हटलं, एक भाऊ, बडोद्याला, गाणं शिकवतो. "उनको आज ही बोलिए."

तू माझा नंबर अडवून ठेवला आहेस, म्हणून पत्र. रक्तदाब बघ, रक्त तपास, इको कर. स्वरदाचाही करून घे. पोरगी विशीची आहे, तिनं काही कुणाचं घोडं मारलेलं नाही.

रामनवमीचा विषय मी काढत नाही, तूही काढू नकोस. गुढियारीच्या मंडळात भर भजनात तू पेटी थांबवून बाबांना "सूर लागत नाही, बसा आता" म्हणालास, आणि एक दिवस मध्ये गेला, दुसऱ्या सकाळी बाबा गेले. या दोन गोष्टींच्या मध्ये काय आहे, यावर मी अकरा वर्षांत काही बोललेली नाही. आजही बोलत नाही. तू हृदय तपासून घे म्हणजे झालं.

आईची गुरुपौर्णिमेची पुडी याही वर्षी येईल. तिच्या बहिणीचा सुशील कामाला बडोद्याला येतो आहे. आई एवढं एक पाठवते आणि तू एवढं एक परत पाठवत नाहीस, म्हणून मी त्यात तोंड घालत नाही. मीही इथे उशीखाली माझी पुडी ठेवली होती, तर सिस्टरनं काढून घेतली. म्हणाली, तोंडात काही चालणार नाही. बाबांनी मंडळात घेताना आपल्या दोघांच्या गालात ज्येष्ठमधाची काडी ठेवली, तेव्हापासून इतके दिवस काडीशिवाय मी कधी राहिले नव्हते. गळ्याचं लाकूड झालं आहे.

इको कर.

विनूताई


रायपूर, २८ जून

निरंजन,

माझं पत्र 'घेण्यास नकार' असा शिक्का मारून पोस्टमननं परत आणलं. आईनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "काहून वं, पत्ता चुकला काय?" मी हो म्हटलं.

आता लिफाफ्यावर स्वरदाचं नाव घातलं आहे. स्वरदा, बेटा, दोन्ही पत्रं त्याच्या पेटीच्या झाकणाखाली ठेव. रियाझाला बसला की हाताला लागतील. तू स्वतः फोन केलास ते फार बरं केलंस. तुझ्याशी बोलल्यापासून मला चैन नाही.

तिनं काय सांगितलं ते तुझ्या तोंडावर सांगते, म्हणजे ती चुगली राहणार नाही. "आत्या, पापा को भी बीपी है, दो-दो गोली खाते हैं, फिर भी कम नहीं होता." जिना चढताना कठडा धरतोस. पोटऱ्यांत गोळे येतात. मागच्या महिन्यात वर्गात उभा असताना गुडघे वाकले आणि तू विद्यार्थ्यांना म्हणालास, चक्कर आली. चक्कर नव्हती ती. माझ्या पायांनी ऐकलं नाही ना, तेच ते.

मला भीती वाटते आहे. हे वाक्य मी कुणाला लिहीन असं वाटलं नव्हतं, त्यातून तुला.

माझं ऐक. दवाखान्यात माझं पोटॅशियम छान वर आलं, घरी सोडलं. तेलीबांध्याच्या तलावाला एक फेरीही मारून आले. आठवड्यात पुन्हा तळाला. पुन्हा पाय गेले, या वेळी स्वयंपाकघरात, हातात कुकर होता. मग त्या तरुण डॉक्टरनं मला एका बाईंकडे पाठवलं. डॉक्टर कौमुदी, हार्मोन बघतात. मी म्हटलं, हृदयाचं दुखणं आणि हार्मोनची डॉक्टर, हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्या मराठीच निघाल्या. त्यांना म्हण कळली, आणि त्या रागावल्या नाहीत.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एक-एक ग्रंथी असते. तिच्यातून अल्डोस्टेरॉन नावाचा रस रक्तात उतरतो. त्याचा हुकूम एवढाच, की मीठ धरून ठेवा, पोटॅशियम बाहेर सोडा. मीठ राहिलं की पाणी राहतं, पाणी राहिलं की दाब चढतो, आणि चढलेल्या दाबाविरुद्ध ढकलून ढकलून हृदय जाड होतं, पहिलवानाच्या दंडासारखं. फरक इतकाच की दंड जाड झाला तर कौतुक होतं. शिवाय तो रस दाबाची वाट न बघता थेट हृदयाच्या स्नायूलाही जाड व्हायला सांगतो. त्यात पोटॅशियम उतरलं की हृदयाचा ठोका चुकतो, आणि कधी एखादा असा चुकतो की पुढचा पडतच नाही.

बाईंना वाटलं, माझ्या ग्रंथीत गाठ असणार, रस उतू जात असणार. तपासणी केली. आणि रस जवळजवळ नाहीच. त्याला हुकूम देणारं वरचं हार्मोन, तेही नाही. बाई कागदाकडे बघत राहिल्या. मी पंचवीस वर्षं सचिवालयात काढली, मला लगेच समजलं. साहेब रजेवर आहेत, त्यांच्या वरचे साहेबही रजेवर आहेत, आणि खाली सहीनिशी हुकूम सुटतायत. अशा वेळी कुणी तरी दुसरा सही करत असतो.

तो कोण, ते बाई शोधतायत. घराण्यातलं असेल तर तुझ्यातही आहे. मला आता बाबांचं शेवटचं वर्ष सारखं आठवतं. तांब्यावर तांब्या पाणी प्यायचे. झोपेत पोटऱ्या धरून उठायचे. पायरी चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, तुला आधार देतो.

तपासणी कर, निरंजन. माझ्यावरचा राग तसाच ठेव, पण रक्त दे.

विनूताई


रायपूर, ३ जुलै

निरंजन,

सापडलं. बस आधी. पंख्याखाली बस आणि वाच. तोंडात काडी असेल तर ती काढून वाच.

काल बाईंनी मला सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय पोटात जातं ते विचारलं. चहा, पोळी, भात, वरण, गुरुवारी उपास. लोणचं? थोडं. पापड? नाही. कुठला काढा, कुठलं चूर्ण, कुठली पुडी? नाही, मी म्हटलं, मी गोळीसुद्धा घेत नाही. खोटं बोलले नाही रे. ज्येष्ठमध आपण कधी खाण्यात धरलंय? उपासाला चालतं, सोवळ्यात चालतं, देवापुढे गाताना गालात चालतं. श्वास मोजायला सांगितला असता तर मोजला असता एक वेळ.

बाई म्हणाल्या, "मग आत्ता तुमच्या गालात काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं, "ज्येष्ठमध."

त्यांनी पेन खाली ठेवलं. किती दिवसांपासून? लहानपणापासून. दिवसातून किती? उठल्यापासून झोपेपर्यंत, एक चोथा झाली की दुसरी, आणि सकाळी भुकटी कोमट पाण्यात. दवाखान्यात होती का? नाही, सिस्टरनं घेतली होती. आणि तिथेच पोटॅशियम वर आलं होतं. त्यांना सांगावंच लागलं नाही, माझं मलाच समजत गेलं.

सही कोण करत होतं ते ऐक. शरीरात कॉर्टिसॉल नावाचा दुसरा एक रस असतो, अल्डोस्टेरॉनहून कितीतरी जास्त. त्यालाही त्याच खुर्चीत बसता येतं, पण दारावर एक शिपाई असतो, तो त्याला आत सोडत नाही. ज्येष्ठमधातली गोडी त्या शिपायाला झोपवते. रोज, वर्षानुवर्षं. मग दुसऱ्या खात्याचा साहेब आत येऊन बसतो आणि हुकूम काढत सुटतो. मीठ धरा, पोटॅशियम सोडा, हृदय जाड करा. ग्रंथी निरोगी, घराणं निरोगी, आणि माणूस मात्र जातो. खोकल्याला चार दिवस घेतलं तर कुणाचं काही बिघडत नाही, बाई म्हणाल्या. आपण चार दिवस नाही घेतलं.

बघ ना, घरात आई तेवढी ठणठणीत आहे. सत्तरी ओलांडली, अजून पाटावरून हात न टेकता उठते. ती कधी गायली नाही, म्हणून तिला कुणी काडी दिली नाही.

मी काडी टाकली. एक गोळी दिली आहे, ती तो दरवाजाच बंद करते. भिंत थोडी उतरेल म्हणतात, सगळी नाही उतरणार. मी लगेच स्वरदाला फोन केला. तिनं तुला सांगितलं. तू तिला दिलेलं उत्तर तिनं जसंच्या तसं ऐकवलं, रडत: "बुआ को बोलो, बाबा की एक ही चीज़ है मेरे पास. वो भी चाहिए उनको?"

नको आहे मला. तुझी ती पितळी डबी बाबांची आहे, तू ती घेऊन गेलास, मी कधी मागितली नाही. आतलं टाक, डबी ठेव. तुला वाटतं मी तुझ्याकडून काही काढून घ्यायला बसले आहे. बाबा, मंडळ, घर, सगळं गेल्यासारखं वाटत असेल, मान्य. पण ही काडी बाबांची आठवण नाही रे, हे बाबांचं दुखणं आहे.

आणि आता तुला एक सांगायचं आहे ते आईला सांगितलेलं नाही. काड्या कोण तोडत होतं? दर रविवारी जेवणं झाली की ओसरीवर कागद पसरून, अडकित्ता घेऊन, बोटाबोटाएवढ्या सारख्या काड्या, वर तुपाचा हात. बाबांची पुडी वेगळी, माझी वेगळी, तुझी वेगळी. तू गेल्यावर तुझी पुडी वर्षाची एकदम. तुला दोषातून मोकळं करायचं तर आईला त्यात बांधावं लागतं. तिनं विचारलं, काडी काहून सोडली? मी म्हटलं, आजकाल भेसळ येते गं, डॉक्टर म्हणाली खाऊ नका. तिला पटलं. मान हलवली आणि पोळ्या लाटायला लागली.

तूही हे तिच्या कानावर जाऊ देऊ नकोस. बोलत नाहीस म्हणा तू, त्यामुळे ती काळजी नाही.

काडी टाक. काल टाकली नसशील तर आज टाक.

विनूताई


रायपूर, ८ जुलै

निरंजन,

शहाणपणा केला की असं होतं. मी भेसळ म्हटलं ना, तर आई दुसऱ्या दिवशी शेजारच्या कलावतीला घेऊन रिक्षानं गुढियारीला गेली. जुन्या दुकानदाराला म्हणाली, "अस्सल दे, भैया. पहिलेवाला खराब होता, माही पोरगी बीमार पडली." अस्सल म्हणजे जास्त गोड, जास्त गोड म्हणजे काय ते तुला गेल्या पत्रात लिहिलं आहे. आणि तुझे पाय दुखतात हे मी स्वरदाशी फोनवर बोलताना आईनं ऐकलं होतं, म्हणून पुडी या वर्षी दुप्पट. मी ऑफिसात असताना सुशील येऊन घेऊन गेला. संध्याकाळी घरी आले तर आई म्हणते, "निरूची पुडी गेली बरं. या बारी चांगली हाय, बिनभेसळीची."

मी पाणी पीत होते, ते नाकातून आलं.

इकडे स्वरदाचा फोन. तुला परवा दाखल करावं लागलं. शेवटी त्या मायलेकींनी, यामिनीनं आणि तिनं, जबरदस्तीनं रक्त काढवलं. पोटॅशियम माझ्याहून खाली. इकोत भिंत माझ्याहून जाड. सलाइननं वर आणलं, तू सही करून घरी आलास, आणि घरी येऊन डबी उघडलीस. गुरुपौर्णिमेला तुझा तीन तासांचा कार्यक्रम आहे म्हणे, बाबांच्या नावानं, आणि तू कुणाचं ऐकून घेणार नाहीस. डॉक्टर कौमुदींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांना गाऊ देऊ नका. मी म्हटलं, आमच्यात कुणी कुणाला नको म्हणू शकत नाही.

तेव्हा ऐक. रामनवमीचा विषय मीच काढते.

दहाव्या दिवशी घाटावर, पिंडाला कावळा शिवत नव्हता, सगळे उन्हात ताटकळले होते. तू ओल्या पंच्यानं माझ्याजवळ आलास आणि विचारलंस, "विनूताई, माझ्यामुळे गेले का गं?" मी म्हटलं, मला काय माहीत. खरंच माहीत नव्हतं. तू तेराव्याला डबी उचललीस आणि गेलास. कुणी तुला जा म्हटलं नाही, आणि कुणी थांबही म्हटलं नाही.

आता माहीत आहे. मी बाईंना बाबांचं सगळं सांगितलं, तहान, गोळे, पायऱ्या, एक्स-रे. त्या म्हणाल्या, गेलेल्या माणसाबद्दल शपथेवर सांगता येत नाही, पण हृदयाची भिंत दोन दिवसांत जाड होत नाही, तिला वर्षं लागतात. तू पेटीवर हात आपटलास त्याच्या कितीतरी आधीपासून बाबा जात होते. काडी काडीनं जात होते. रामनवमीला तू तोंडही उघडलं नसतंस तरी ते गेले असते. त्या सकाळी नाही तर पुढच्या महिन्यात.

आणि आणखी एक, जे मी मंडळात कुणासमोर बोलणार नाही. तुझा कान खरा होता. बाबांचा सूर उतरला होता. आम्ही सगळे टाळ कुटत होतो, आम्हाला ऐकू आलं नाही किंवा ऐकायचं नव्हतं. ज्यानं पाय सैल पडतात त्यानं दमही सैल पडतो. बाबा आजारी आहेत हे घरात सगळ्यांत आधी तुला समजलं. तू ते वाईट शब्दांत सांगितलंस, आणि आजार आहे हे तुलाही माहीत नव्हतं. एवढीच चूक. त्यासाठी मरायची गरज नाही.

सुशीलचा फोन लागत नाही. गाडीत असेल. हे पत्र पोस्टानं जायला वेळ नाही, म्हणून पानांचे फोटो काढून स्वरदाच्या फोनवर पाठवते. बेटा, त्याला वाचून दाखव. जोडाक्षराला अडखळलीस तरी चालेल, पण सगळं वाच.

विनूताई


रायपूर, ९ जुलै, दुपार

निरंजन,

सुशीलचा फोन लागला. मी गॅलरीत जाऊन बोलत होते. म्हटलं, ती पुडी बाहेर फेकून दे, घरी नेऊ नकोस. तो म्हणाला, "ताई, निरंजनभैया सकाळीच स्टेशनवर आला होता. पुडी त्याच्या हातात दिली ना मी. खूश झाला."

मी फोन ठेवून वळले तर दारात आई. हातात कणकेचं ताट.

"काय फेकाले लावून राहिली वं?"

मी भेसळ म्हणणार होते. तिनं ताट खाली ठेवलं आणि कट्ट्यावर बसली. म्हणाली, खरं सांग. मग मी सांगितलं. शिपायाचं आणि साहेबाचं काही सांगितलं नाही, नुसतं सांगितलं की काडीनं हृदय जाड होतं, पाय जातात आणि माणूस जातो. ती ऐकत राहिली. मधे एकदाच विचारलं, "तुहे बाबाबी?" मी मान हलवली, ते तिला पुरलं.

निरंजन, मला वाटलं होतं ती कोसळेल. ती उठली. फळीवरून अडकित्ता काढला, तो हातात धरून जरा वेळ उभी राहिली, मग भांड्यांच्या मोरीत टाकला. हात धुतले. परत येऊन बसली आणि म्हणाली, कागद घे. मी म्हटलं, तू फोनवर बोल त्याच्याशी. म्हणाली, "फोनवर तो रडन, अन् मले आयकू येणार नाही. लिही, मी बोलतो तसंच लिही. तुहं सुधारू नको."

म्हणून जसंच्या तसं लिहिते. स्वरदा, हे वाचताना जागेवरून उठू नकोस, आणि त्यालाही उठू देऊ नकोस.

"निरू, आई बोलून राहिली. काड्या म्या तोडल्या. अडकित्ता माह्या हातात होता, तुह्या नाही. तुह्या बापाले म्या देल्या, विनीले म्या देल्या, तुले म्या धाडल्या. चांगल्यासाठीच देत होती, देवाले माहीत हाय. मले कोणी सांगतलं नोतं. आता समजलं तं मी रडत बसत नाही, रडाले मंग लय वेळ हाय.

तू म्हणला, सूर लागून नाही राहिला. नोताच लागून राहिला. मलेबी समजत होतं, सोबत राह्यली मी त्याच्या. माही बोलाची हिंमत नाही झाली. तू बोलला, अन् साऱ्याचं तुह्यावर आलं, अन् मी तेव्हाबी नाही बोलली. आता बोलतो. तू नाही मारलं त्याले. आयकलं काय? स्वरदा, हे एक बार अजून वाच.

मी पाठोतो म्हणून तू खाते, तुह्या बापाचं हाय म्हणून खाते. मंग आता मीच म्हणतो, थुक. आत्ता थुक, पोट्टीच्या समोर. पुडी आगीत जायून टाक. डबी घासून उन्हात ठेव, राहू दे तुह्यापाशी. उद्या गाऊ नको. तुहा बाप देवाघरी हाय, त्याले घाई नाही.

विनी अन् मी शनिवारच्या गाडीनं येऊन राहिलो. मी आली का पहिले तुहं तोंड उघडून पाहीन, लहानपणी माती खाये तवा पाहात होती तसं."